नाण्यावरचा जुना चेहरा

आमच्या देव्हाऱ्यात आजीचा एक राणीछाप रुपया आहे. लक्ष्मीपूजनाला तो बाहेर निघतो. यंदा मी तो चिंच आणि राख लावून घासायला घेतला. आजी ओरडली, "अगं, झिजंल की त्यो! राणीचं नाक गेल्यावर वळखायची कशी?"

मी ही गंमत गुरुजींना सांगितली. ते म्हणाले, "आजीचं बरोबर आहे." मग त्यांनी मला नहपानाच्या नाण्यांची माहिती दिली. ती मी येथे लिहीत आहे.

सुमारे १९०० वर्षांपूर्वी जुन्नर-नाशिक भागात नहपान हा क्षत्रप राजा राज्य करीत होता. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे असत. दुसऱ्या बाजूला बाण व वज्र. नाण्यावर राजाचा चेहरा घालायची चाल ग्रीक व रोमन लोकांतही होती.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. आता नहपानाच्या नाण्यांचं काय करायचं? गौतमीपुत्राने ती आटवली नाहीत. तशीच घेऊन त्यांवर आपला ठसा मारला. चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर आणि मागच्या बाजूला चार वर्तुळांचे चिन्ह!

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला. एकूण नाणी १३ हजारांहून जास्त. त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा होता. पण ठसा मारला तरी जुना चेहरा पुरता गेला नाही. कुठे नाक दिसते, कुठे एखादे ग्रीक अक्षर. खाली नहपान, वर गौतमीपुत्र. म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण, हे नाणंच सांगतं.

गंमत म्हणजे, गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याने आपल्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा चेहरा घातला. नहपान गेला, पण त्याची पद्धत राहिली.

ही नाणी कुणी घासली किंवा आटवली असती, तर हा पुरावा गेला असता. म्हणून पालकांना विनंती, घरातली जुनी नाणी घासू नका, मोडीत घालू नका.

आई जुन्या वाळ्यांबरोबर तो रुपया भोरला सोनाराकडे देऊन मला पैंजण करणार होती. मी म्हटलं, पैंजण नको. रुपया देव्हाऱ्यातच आहे. राणीचं नाक थोडं झिजलंय, ते मात्र माझ्यामुळे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी