रंग नवा, बॅकअप जुना

ज्यांचे इयरफोन लोकलच्या गर्दीत गुंतलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोलताना जिथे अडखळले ते जरा नीट केलंय, बाकी तसंच आहे.

सेल जवळ आला की प्रोसेसरबद्दल चार प्रश्न येतात आणि रंगाबद्दल चाळीस. "ताई, काळा घेऊ की निळा?" "घड्याळाचा पट्टा कुठला शोभेल?" आज त्याचं उत्तर देते. पण आधीच सांगून ठेवते, भागाच्या दुसऱ्या अर्ध्यात माझ्या मिसकॅरेजबद्दल बोलणार आहे. ज्यांना आज ते नको असेल त्यांनी रंगापुरतं वाचून थांबा, मला काही वाटणार नाही.

तर रंग. फोनची अ‍ॅल्युमिनियमची कड रंगवलेली नसते, निदान घराची भिंत रंगवतो तशी तरी नाही. ती गंधकाम्लाच्या पातळ द्रावणात बुडवतात आणि तिला विजेचं धन टोक जोडतात. धातूवर ऑक्साइडचा कडक थर चढतो आणि त्या थरात डोळ्यांना न दिसणारी उभी छिद्रं असतात. त्या छिद्रांत रंग मुरवतात, मग गरम पाण्याने छिद्रांची तोंडं बंद करतात. याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. हा सगळा थर साधारण १०-२० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. म्हणून किल्ल्यांच्या खिशात फोन ठेवला की निळ्याच्या आतून चंदेरी डोकावतं. टायटॅनियमचं वेगळं असतं. त्याच्या ऑक्साइडच्या थराची जाडी बदलली की प्रकाश वेगळा परावर्तित होतो आणि रंग दिसतो, पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तसा. पण टायटॅनियमच्या फोनवर बहुधा ते करत बसत नाहीत, निर्वात कक्षात पातळ लेप चढवतात.

दर वर्षी एखादा नवा रंग का येतो? कारण लांबून मॉडेल ओळखू येत नाही, रंग ओळखू येतो. २०१३ मध्ये सोनेरी आयफोन आला तेव्हा समोरच्याने नवा फोन घेतलाय हे न विचारता कळायचं. माझं मत विचाराल तर हवा तो घ्या, दुकानातून बाहेर पडायच्या आत त्यावर कव्हर चढणारच आहे. दोन वर्षांनी विकायचा असेल तर काळा किंवा करडा, त्याला गिऱ्हाईक पटकन मिळतं.

घड्याळात मात्र एक रंग तुम्हाला निवडता येत नाही, तो मागच्या बाजूला असतो. मनगटाखाली चमकणारा हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त क्षणभर वाढतं, परत येणारा हिरवा प्रकाश कमी होतो, आणि सेन्सर हे चढउतार मोजून नाडीचा आकडा काढतो. आमच्या ठाकुरवाडीत (कर्जत-खालापूर पट्ट्यात या नावाच्या बऱ्याच वाड्या आहेत, आमची त्यातली एक) मी आजीच्या हातात घड्याळ बांधून बघितलं तर आकडाच येईना. आजीच्या मनगटावर गोंदण आहे. गोंदणाची शाई प्रकाश अडवते, त्यामुळे सेन्सर गोंधळतो. आजी म्हणाली, "तुझ्या यंत्राला मी मेलेली वाटतेय काय?" घड्याळ दुसऱ्या हातात बांधलं, तिथे आला आकडा.

याच हिरव्या दिव्याने मला एप्रिल-मे मध्ये काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. शांत बसलेली असतानाची माझी नाडी ६८ च्या आसपास असते, ती ७६ वर गेली. गरोदरपणात शरीरातलं रक्त वाढतं, हृदयाला जास्त काम पडतं, त्यामुळे हा आकडा पहिल्या महिन्यांपासूनच चढू लागतो. चाचणी केली, दोन रेघा आल्या. शेवटच्या पाळीची तारीख १० एप्रिल, म्हणून प्रसूतीची तारीख १५ जानेवारी. जून सुरू झाला, पाऊस आला, आणि दहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके सापडले नाहीत.

याला डॉक्टर 'मिस्ड' म्हणतात. गर्भाची वाढ थांबलेली असते, पण शरीराला अजून पत्ता नसतो. मळमळ चालू, नाडी ७६ च. मी सॉफ्टवेअरची बाई, माझ्या डोक्यात तेव्हा हेच आलं की सर्व्हर बंद पडलाय आणि अ‍ॅप अजून जुनाच डेटा दाखवतंय. नंतर आलेखावर ती रेघ चार-पाच दिवसांत खाली आली. तो आलेख बघणारी मी एकटीच होते.

जुलैत नवा फोन घेतला. जुन्याची बॅटरी गेलीच होती, आणि सगळ्यांचं म्हणणं, "घे नवा, मन रमेल." दुकानातला मुलगा भला होता. घड्याळाचा पट्टाही बघत होते, तर तो म्हणाला, "मॅडम, हिरवा घ्या ना, सध्या तोच चालतोय." आता याला काय माहीत, की आईने ओटीसाठी हिरव्या बांगड्या आधीच आणून ठेवल्या होत्या आणि त्या अजून तिच्या पेटीत तशाच आहेत. आपल्याकडे मुलगा-मुलगी ओळखून गुलाबी-निळा करायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे गरोदरपणाचा आपला रंग एकच, हिरवा. हिरवी साडी, हिरवा चुडा. मी करडा पट्टा घेतला. घरी आल्यावर आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "हिरवं घ्यायचं की. रान काय तुला विचारून हिरवं होतं?" आजीला कुणी किती मुलं विचारलं की ती आजही सांगते, सात झाली, दोन पोटातच गेली. ती दोन ती कधी हिशोबातून वगळत नाही.

करडा फोन, करडा पट्टा. नवा फोन जुन्याशेजारी ठेवला, "सगळं आणायचं?" असं त्याने विचारलं, चाळीस मिनिटांत सगळं आलं. आणि कोऱ्या स्क्रीनवर पहिली सूचना आली ती ही, की तेरावा आठवडा लागला, बाळ आता लिंबाएवढं झालंय.

हे का होतं ते समजून घ्या, कारण त्यात दुष्टपणा कुणाचाच नाही. गरोदरपणाचं अ‍ॅप म्हणजे आत एक वजाबाकी असते. आजच्या तारखेतून शेवटच्या पाळीची तारीख वजा करायची आणि सातने भागायचं. २८० दिवस झाले की प्रसूती. हा हिशोब एकोणिसाव्या शतकातल्या नेगेले नावाच्या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने चालतो. म्हणजे अ‍ॅपला तुमच्या पोटातलं काहीही माहीत नसतं, त्याच्याकडे फक्त एक तारीख असते. कुणीतरी थांबवेपर्यंत ती वजाबाकी चालतच राहते. कोड लिहिणाऱ्याने शेवट एकच धरलेला असतो, जन्म. दुसरा शेवट लिहिलेला असला तरी तो सेटिंगच्या चौथ्या पानावर असतो.

नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तर ते फोनमधून जातं, खातं सर्व्हरवर तसंच राहतं आणि ईमेल येत राहतात. म्हणून क्रम असा ठेवा. आधी अ‍ॅपमध्ये गर्भधारणा संपल्याची नोंद करा, मग खातं पुसा, मग अ‍ॅप काढा. आयफोनच्या हेल्थमध्ये पाळीच्या नोंदीत गरोदरपण हा घटक असतो, त्याला शेवटची तारीख टाकता येते. जाहिरातींसाठी गूगलच्या माय अ‍ॅड सेंटरमध्ये गरोदरपण आणि पालकत्व हा विषय कमी करायचा पर्याय आहे. इन्स्टाग्राम-फेसबुकवर जाहिरातींच्या विषयांत पालकत्व शोधा. गूगल फोटोजच्या आठवणींमध्ये ठरावीक तारखा लपवता येतात. सोनोग्राफीचा फोटो न पुसता ती तारीख लपवा. पुसायचं की नाही ते नंतर ठरवता येतं, पुसलेलं परत आणता येत नाही.

फक्त "ही जाहिरात नको" असं दाबत बसू नका. २०१८ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन पोस्टच्या पत्रकार जिलियन ब्रॉकेल यांनी टेक कंपन्यांना जाहीर पत्र लिहिलं होतं. त्यांचं बाळ पोटातच गेलं होतं. गरोदरपणाच्या जाहिराती नकोत असं त्यांनी सांगितलं, तर यंत्रणेने अर्थ काढला की बाळ झालेलं दिसतंय, आणि पुढच्या जाहिराती तान्ह्या बाळाच्या सामानाच्या दाखवल्या. मी ते पत्र कॉलेजात असताना वाचलं होतं, लोणेऱ्याला, तेव्हा मला तो एक चांगला बग रिपोर्ट वाटला होता.

वाडीतल्या बायकांकडे स्मार्ट घड्याळ नसतं म्हणून त्या यातून सुटतात असं नाही. सरकारची 'किलकारी' नावाची सेवा आहे, २०१६ मध्ये सुरू झाली, आता महाराष्ट्रातही आहे. गरोदर बाईच्या साध्या फोनवर दर आठवड्याला कॉल येतो आणि डॉक्टर अनिता नावाचं एक पात्र त्या आठवड्याचा सल्ला देतं. चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत. सेवा चांगली आहे, मी स्वतः ती बायकांना सांगते. पण तिच्या आतही तीच वजाबाकी आहे, पाळीच्या तारखेवरून आठवडा. आरोग्य विभागाच्या पोर्टलवरची नोंद बदलेपर्यंत डॉक्टर अनिताला काही कळत नाही. तेव्हा तुमच्या घरात किंवा शेजारी असं झालं तर आशाताईंना किंवा नर्सबाईंना एवढं म्हणा, "नोंद बदललीत ना?" ज्या बाईचं गेलंय तिला ते सांगायला लावू नका.

आता कागदाबद्दल, कारण यात माझ्या घरात वाईट प्रसंग झाला. डिस्चार्ज कार्डावर 'मिस्ड अबॉर्शन' लिहिलेलं होतं. नात्यातल्या एका बाईंनी ते वाचलं आणि चारचौघांत विचारलं, "का गं, पाडलंस?" वैद्यकीय भाषेत आपोआप गेलेल्या गर्भालाही अबॉर्शनच म्हणतात. आपली मराठी इथे मदत करत नाही. गर्भपात हा एकच शब्द, केलेला आणि झालेला दोन्हींसाठी. जुन्या आयुर्वेदात निदान एक फरक होता. चौथ्या महिन्यापर्यंत गेला तर गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गेला तर गर्भपात. आम्ही सगळे म्हणूनच 'मिसकॅरेज' म्हणतो, म्हणजे दुःख आपलं आणि शब्द उसना.

आणि "पाडलंस का" नंतरचा प्रश्न असतो, "काही उचललंस का? त्या घड्याळामुळे तर नाही?" नीट ऐका. कळून आलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० टक्के असे संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यातल्या निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते आणि ते बीज जुळतानाच ठरलेलं असतं. रोजचं काम, व्यायाम, कर्जत लोकलचा प्रवास यांनी ते होत नाही. घड्याळाच्या ब्लूटूथने गर्भ गेल्याचा पुरावा नाही. रक्तस्राव फार असेल, ताप किंवा चक्कर असेल तर मात्र आकडे वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

नोकरी करणाऱ्यांना आणखी एक. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींनाही हे ठाऊक नव्हतं. मिसकॅरेजनंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, आधी ती १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मिळायची. त्यातून आजारपण आलं तर आणखी महिनाभर. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे ठेवलंय. ही मेहरबानीची सिक लीव्ह नव्हे. अट फक्त पुराव्याची, आणि तो पुरावा म्हणजे तेच डिस्चार्ज कार्ड. नवऱ्याला खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. न्यूझीलंडने २०२१ मध्ये जोडीदारालाही तीन दिवसांची शोकरजा दिली. माझा नवरा तिसऱ्या दिवशी स्टँडअप मीटिंगमध्ये होता, कॅमेरा बंद करून. कुणी विचारलं तर "नेट स्लो आहे" म्हणायचा.

दोन बारीकसारीक गोष्टी. नवा फोन लावताना "सगळं आणा" ऐवजी काय काय आणायचं ते निवडता येतं, त्याला दहा मिनिटं जास्त लागतात, तेवढी द्या. आणि घड्याळातली रोजच्या चालण्याची लक्ष्यं काही आठवडे बंद ठेवा. रात्री नऊ वाजता "अजून थोडं चाला" ही सूचना कुणालाच नको असते.

मी १५ जानेवारीची नोंद कॅलेंडरमध्ये ठेवली आहे. रिमाइंडर काढला, रंग हिरवाच ठेवला. नवऱ्याने त्याच्या फोनमधली पुसली. आम्ही एकमेकांना का ते विचारलं नाही.

कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानसचा नंबर १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि साध्या फोनवरूनही लागतो. आमच्या वाडीत शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं की रेंज येते.

पुढच्या भागात बॅटरी. रात्रभर चार्जिंगला लावायचा की नाही, यावर तुमचे बरेच मेसेज साठलेत.