व्हेक्टर डिझाईन मोठं केल्यावर अक्षरांची कड का बिघडते?

‘फोटो मोठा केला की फाटतो, व्हेक्टर कितीही मोठं करा, फाटत नाही.’ कोरलड्रॉ किंवा इंकस्केप शिकताना हे वाक्य सगळ्यात आधी कानावर पडतं. वाक्य खरं आहे, पण अर्धवट आहे. व्हेक्टर फाटत नाही, तरी ते बिघडू शकतं.

समजा, गेवराई तालुक्यातल्या चकलांबा गावातल्या एका मंडळाला १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीसाठी २० बाय १० फुटांचा बॅनर हवा आहे. डिझाईन गावात लॅपटॉपवर होणार आणि छपाई गेवराईला किंवा बीडला. डिझाईन करणारा सोयीसाठी दहापट लहान, म्हणजे २ बाय १ फुटाचं पान घेतो. भगव्या रंगावर तांबडी अक्षरं आणि त्यांना २ मिलिमीटरची पांढरी कड, म्हणजे आउटलाइन. स्क्रीनवर झकास दिसतं. दुकानात सगळं सिलेक्ट करून दहापट केलं जातं. अक्षरं दहापट होतात, कड मात्र २ मिलिमीटरच राहते. रस्त्यापलीकडून ती दिसतच नाही आणि तांबडं भगव्यात मिसळून जातं. फ्लेक्सचे पैसे स्क्वेअर फुटावर लागतात. २०० स्क्वेअर फूट परत छापायचं म्हणजे परत तेवढाच खर्च.

हे का होतं ते कळायला, साइज बदलल्यावर सॉफ्टवेअर फाईलमध्ये काय लिहितं ते पाहावं लागतं.

साइज बदलायच्या दोन पद्धती

व्हेक्टर फाईलमध्ये चित्र नसतं, आकडे असतात. एक चौकोन घ्या: रुंदी १००, उंची ५०, कडेची जाडी २. आता तो दुप्पट करायचा आहे.

पहिली पद्धत म्हणजे आकडेच बदलायचे. रुंदी २००, उंची १००. जुने आकडे गेले. याला डिस्ट्रक्टिव्ह स्केलिंग म्हणतात.

दुसरी पद्धत म्हणजे आकड्यांना हात लावायचा नाही. रुंदी १००, उंची ५० तसंच ठेवायचं आणि शेजारी एक सूचना लिहायची: ‘दाखवताना दुप्पट दाखव.’ हे नॉन-डिस्ट्रक्टिव्ह स्केलिंग. या सूचनेला ट्रान्सफॉर्म म्हणतात. एसव्हीजी फाईलमध्ये ती सहा आकड्यांत मावते. सरकवणं, फिरवणं, तिरकं करणं आणि लहान-मोठं करणं, सगळं त्या सहा आकड्यांत येतं.

शाळेच्या पँटचं उदाहरण घ्या. शिंप्याने पँट कापून छोटी केली तर विषय संपला. कापड आत दुमडून शिलाई मारली तर पुढच्या वर्षी उसवून परत लांब करता येते. आज दोन्ही पँट सारख्याच दिसतात, फरक पुढच्या वर्षी कळतो.

कड कुठे अडकते?

पहिल्या पद्धतीत सॉफ्टवेअरपुढे प्रश्न येतो: रुंदी-उंची बदलली, मग कडेची जाडीही बदलायची का? दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. नकाशात गाव मोठं केलं तरी रस्त्याची रेघ तेवढीच हवी असते. बॅनरवर अक्षरासोबत कडही वाढायला हवी. म्हणून सॉफ्टवेअर निर्णय आपल्यावर सोडतं, आणि तो पर्याय बहुतेकांनी कधी उघडून पाहिलेला नसतो.

कोरलड्रॉमध्ये आउटलाइन पेनच्या खिडकीत ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ अशी टिक असते. इलस्ट्रेटरमध्ये ‘स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स’. इंकस्केपमध्ये सिलेक्ट टूल घेतलं की वरच्या पट्टीत चार बटणं दिसतात, त्यातलं एक कडेच्या जाडीचं आहे. बॅनर दहापट करण्याआधी ही टिक पाहिली असती तर कड २० मिलिमीटर झाली असती.

उलटंही होतं. पूर्ण मापाच्या बॅनरवर २० मिलिमीटरची कड आहे आणि तेच डिझाईन लहान करून पत्रकावर घेतलं. टिक नसेल तर कड २० मिलिमीटरच राहते आणि ‘ष’, ‘क्ष’, ‘भ’ यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजून जातात.

मग नेहमी दुसरी पद्धतच का नाही?

कारण तिचेही त्रास आहेत. फाईलमध्ये जाडी २ लिहिलेली असते आणि छापून ६ येते, कारण वर कुठेतरी ‘तिप्पट’ अशी सूचना बसलेली असते. ग्रुपच्या आत ग्रुप असेल तर सूचनांवर सूचना चढतात आणि खरा आकडा शोधणं अवघड होतं.

आडवं ताणलं तर वेगळीच गंमत. चौकोन फक्त रुंदीत दुप्पट केला तर सूचना कडेलाही लागू होते. उभ्या बाजूंची कड दुप्पट जाड होते, आडव्या बाजूंची तेवढीच राहते. देवनागरी अक्षरं जागा भरण्यासाठी आडवी ताणली की काना जाडजूड होतो आणि शिरोरेषा बारीकच राहते, ते याच हिशेबाने. म्हणून ओळ भरायची असेल तर अक्षर ताणण्यापेक्षा रुंद फॉन्ट घ्यावा.

इंकस्केपमध्ये दोन्हींपैकी निवड करता येते. प्रेफरन्सेसमध्ये बिहेव्हियर, मग ट्रान्सफॉर्म्स. तिथे ‘ऑप्टिमाइज्ड’ म्हणजे जमेल तिथे आकडेच बदल, आणि ‘प्रिझर्व्ड’ म्हणजे सूचना जपून ठेव. ‘जमेल तिथे’ असं का? कारण चौकोन ४५ अंशात फिरवला तर तो फक्त रुंदी-उंचीत सांगताच येत नाही. तिथे सूचना लिहावीच लागते.

परत न येणारे बदल

नुसतं दुप्पट केलेलं परत निम्मं करता येतं. खरं नुकसान होतं ते माहिती कायमची गेली की. अशा तीन जागा लक्षात ठेवा.

पहिली, आकडे पूर्णांकात बसवणं. फॉन्ट बनवताना बिंदूंचे आकडे सहसा पूर्णांकात ठेवतात. ३७ वरचा बिंदू वीसपट लहान केला तर १.८५, म्हणजे पूर्णांकात २. परत वीसपट केला तर ४०. ३७ गेला तो गेलाच.

दुसरी, फोटो. बॅनरवरचा १२०० पिक्सेलचा फोटो फक्त ओढून लहान केला तर पिक्सेल तसेच राहतात. पण ‘कन्व्हर्ट टू बिटमॅप’ किंवा रिसॅम्पल करून तो १५० पिक्सेलचा झाला, तर मोठा करताना उरलेले १०५० कुठून आणणार? तसाही १२०० पिक्सेलचा फोटो ४ फूट रुंद छापला तर इंचाला २५ च पिक्सेल येतात.

तिसरी, ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज’. दुकानात आपला फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात, श्रीलिपीसारखे फॉन्ट वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. त्यामुळे छपाईला देताना कर्व्ह्ज करणं बरोबरच आहे. पण त्यानंतर ते अक्षर राहत नाही, नुसता आकार राहतो. पुढच्या वर्षी साल किंवा अध्यक्षांचं नाव बदलायचं तर टाईप करता येत नाही.

काय करायचं?

दोन फाईली ठेवा. एक कच्ची: मजकूर टाईप केलेला, फोटो मूळ, कडेची जाडी बदलता येणारी. दुसरी छपाईची: तिच्यात कर्व्ह्ज करा, कडेचंही ‘कन्व्हर्ट आउटलाइन टू ऑब्जेक्ट’ करा. मग कड हाही एक आकारच होतो, आणि दुकानदाराची टिक असो वा नसो, तो अक्षरासोबतच वाढतो. फाईलच्या नावात ‘कच्ची’ आणि ‘छपाई’ लिहा, आणि छपाईची फाईल कधीही कच्चीवर सेव्ह करू नका.

थोडक्यात, कापायचं ते शेवटच्या प्रतीत कापा. तोपर्यंत दुमडून ठेवा.