गॅसवरची गाडी ‘फटाके’ का फोडते?

एलपीजी किट बसवलेली गाडी ऐन चढावर ‘धाड’कन आवाज करते आणि आत बसलेल्यांच्या काळजात धस्स होते. सगळे खापर गॅसवर फुटते. पण खरा गुन्हेगार बहुधा दुसराच असतो.

महिन्याचा हिशेब लिहिताना पेट्रोलच्या रकान्याशी लेखणी अडखळते, असे घर आज विरळाच. म्हणूनच अनेक कुटुंबांनी आपली पेट्रोल गाडी एलपीजीवर करून घेतली. बंगळुरूच्या रस्त्यांवर एलपीजीच्या रिक्षा वर्षानुवर्षे धावत आहेत. कोलकात्यात २००८ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुन्या टू-स्ट्रोक रिक्षांची जागा एलपीजीवरच्या फोर-स्ट्रोक रिक्षांनी घेतली. इंधन म्हणून एलपीजीत काही खोट नाही, हे त्यावरून दिसतेच.

तरीही तक्रार ऐकू येते. पहिले काही महिने गाडी छान चालते. मग एके दिवशी पिकअप घेताना बॉनेटखालून बार उडतो. कधी एअर फिल्टरचा डबा फुटतो, कधी रबरी पाइप निखळून पडतो. मेकॅनिक म्हणतो, “गॅसवर हे चालायचंच.” तुम्ही मात्र हे उत्तर मुळीच स्वीकारू नका. गाडी बार काढते याचा अर्थ तिच्यात काही तरी बिघडले आहे, आणि ते शोधता येते.

आवाज नेमका कुठून?

सर्वप्रथम आवाज पुढून आला की मागून, हे लक्षात ठेवा. सायलेन्सरमधून येणारा फटका म्हणजे इंजिनात न जळलेले इंधन बाहेरच्या गरम नळीत जाऊन पेटले. त्याने नव्या गाड्यांतील महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. बॉनेटखालचा बार अधिक गंभीर. तिथे ज्योत सिलिंडरमधून उलटी फिरून हवा आत घेणाऱ्या नळीत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये शिरलेली असते.

गृहिणींना हा प्रकार नवा नाही. शेगडीच्या बर्नरला गॅस कमी आणि हवा जास्त झाली की ‘फट्’ असा आवाज होतो आणि ज्योत बर्नरच्या आत जाऊन जळू लागते. गाडीत तेच मोठ्या प्रमाणावर घडते. जुन्या पद्धतीच्या किटमध्ये गॅस आणि हवा मिक्सरमध्ये एकत्र होतात, त्यामुळे तिथून सिलिंडरपर्यंतची सारी नळी पेटाऊ मिश्रणाने भरलेली असते. एक ठिणगी पुरते. नव्या सिक्वेन्शियल किटमध्ये गॅस थेट व्हॉल्व्हजवळ सोडला जातो, नळीत साठा राहत नाही. म्हणून तिथे असे बार क्वचितच होतात.

पहिला संशयित : प्लग आणि वायरी

गॅस कोरडा असतो. प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा गॅसवर अधिक दाबाची वीज लागते. झिजलेला प्लग, अशक्त कॉइल, भेगाळलेली वायर हे सारे पेट्रोलवर कसेबसे निभावून जाते. गॅसवर मात्र लगेच उघडे पडते. एखादी ठिणगी चुकली की न जळलेला गॅस तसाच राहतो आणि पुढच्या ठिणगीला नको तिथे पेटतो. ‘पेट्रोलवर तर छान चालते’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

एक सोपी परीक्षा करून पाहा. रात्री, उघड्या जागेत, अंधारात इंजिन चालू करून बॉनेट उघडा. हात न लावता फक्त पाहा. गॅसचा वास येत असेल, तर मात्र ही परीक्षा करूच नका. वायरींवर किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, तर वीज प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच गळते आहे. वायरींचा पूर्ण संच बदला. कॅप आणि रोटर तपासून घ्या. प्लग वेळेवर बदला आणि त्यांची गॅप किट बनवणाऱ्याने सांगितली असेल तेवढीच ठेवा. बहुधा ती पेट्रोलपेक्षा थोडी कमी असते. टायमिंगही पाहून घ्या. ठिणगी उशिरा पडली, तर इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत आतली आग धुमसत राहते.

दुसरा संशयित : कमी गॅस, जास्त हवा

एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. गॅस त्याहून कमी पडला की मिश्रण सावकाश जळते. इनटेक व्हॉल्व्ह उघडला तरी ज्योत विझलेली नसते आणि ती उलटी धावते.

गॅस कमी पडण्याची कारणे अनेक. ‘ॲव्हरेज’ वाढवून देतो म्हणून एखाद्याने किटचा स्क्रू पिळलेला असतो. गॅसचा फिल्टर तुंबलेला असतो. रिड्यूसरमधला रबरी पडदा कडक झालेला असतो. व्हॅक्यूमचा पाइप चिरून नको तिथून हवा आत शिरत असते.

रिड्यूसरची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. टाकीतला द्रव गॅस इथे वायू होतो आणि तसे होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. म्हणून इंजिनाचे गरम पाणी रिड्यूसरमधून फिरवलेले असते. कूलंट कमी झाले की रिड्यूसर थंड पडतो, त्याच्यावर दव किंवा बर्फही जमतो आणि गॅसचा पुरवठा बिघडतो. सकाळी गाडी पेट्रोलवर चालू करून इंजिन गरम झाल्यावरच गॅसवर घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत आधी पेट्रोलचा स्विच बंद करून कार्ब्युरेटरमधले उरलेले पेट्रोल संपू द्या. दोन्ही इंधने एकदम आत गेली, तरी इंजिन अडखळते आणि फटके बसतात.

तिसरा संशयित : शांत झालेला टॅपेट

जुन्या इंजिनाचा टॅपेट वाजेनासा झाला की मालक खूश होतो. गॅसवरच्या गाडीत हीच शांतता धोक्याची असू शकते. काही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका गॅसच्या कोरड्या जळण्याने लवकर झिजतात. व्हॉल्व्ह आत आत बसत जातो, टॅपेटची गॅप संपते आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. मग ज्योतीला मागे यायला वाट मोकळीच. ज्या इंजिनात गॅप हाताने लावतात, तिथे दर १० हजार किलोमीटरला ती तपासून घ्या. शंका असल्यास कॉम्प्रेशन तपासायला सांगा.

मलमपट्टी नको

काही फिटर एअर फिल्टरच्या डब्याला स्प्रिंगची झडप बसवून देतात. बार झाला की झडप उघडते आणि डबा फुटत नाही. ती असायला हरकत नाही, पण तिने आजार बरा होत नाही. आवाज दाबण्यासाठी गॅस वाढवून ठेवणे हाही उपाय नव्हे. त्याने इंधन वाया जाते आणि दोष तसाच लपून राहतो.

मेकॅनिककडे जाताना या नोंदी कागदावर लिहून न्या : बार पुढे झाला की मागे? इंजिन थंड होते की गरम? चढावर, पिकअप घेताना की ॲक्सिलरेटर सोडल्यावर? पेट्रोलवरही गाडी मिसिंग करते का? अर्धे निदान इथेच होते. तपासणीचा क्रमही ठरवून द्या : आधी प्लग-वायरी, मग हवा-गॅस, शेवटी व्हॉल्व्ह. किटच्या स्क्रूला हात सर्वांत शेवटी.

बार झालाच तर

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सर्वांना खाली उतरवा. गॅसचा वास येत असेल तर टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद करा. काडी, सिगारेट, स्विच काहीही नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो डिकीत आणि खड्ड्यात साचून राहतो. वास नसेल तरी फिल्टरचा डबा आणि पाइप पाहिल्याशिवाय गॅसवर पुढे जाऊ नका. एका बाराने निखळलेला पाइप जादा हवा आत घेतो आणि दुसऱ्या बाराची तयारी करतो.

शेवटी एक गोष्ट निक्षून. आपल्या देशात २००० साली मोटर वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन एलपीजीला वाहनात परवानगी मिळाली आणि २००१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र आदेश निघाला. त्यानुसार मान्यताप्राप्त किट, गाडीची खास टाकी आणि आरटीओकडे नोंद आवश्यक आहे. स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर डिकीत ठेवणे बेकायदा तर आहेच, शिवाय जिवाशी खेळ आहे. वाहनाच्या टाकीत ८० टक्के भरताच गॅस आपोआप थांबतो, जेणेकरून उन्हात फुगायला जागा राहावी. त्या लाल सिलिंडरमधून पंपाने गाडीत गॅस भरून घेणे हेही धोक्याचेच.

प्लग-वायरींचा खर्च फिल्टरचा डबा फुटल्यावर येणाऱ्या खर्चापुढे किरकोळ आहे. गॅसने वाचवलेल्या पैशांतला थोडा वाटा दरवर्षी या तपासणीसाठी बाजूला ठेवा. मग घाटातल्या चढावरही मागच्या सीटवरची मुले निश्चिंत झोपू शकतील.