कापसातून उभे राहिलेले ग्रंथालय

दिवाळीच्या सुमारास आपल्या घाटंजीत कापसाच्या गाड्या येऊ लागतात. कापसापासून कापड होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण कापसातून एक कुतुबखाना उभा राहिला, असे मी म्हटले तर? कुतुबखान्याला मराठीत ग्रंथालय म्हणतात. हे ग्रंथालय मुंबई विद्यापीठाचे आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग गिरण्यांनी हिंदुस्थानचा कापूस घेतला. त्यात आपल्या वऱ्हाडचा कापूसही होता. भाव कडाडले. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी या काळात अमाप पैसा मिळवला. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव मिळाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. ग्रंथालयाचे दान मात्र त्याआधीच झाले होते! १८६९ मध्ये पाया घातला गेला आणि १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला.

इमारतीचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाचा. गंमत अशी, की त्याने मुंबई कधी पाहिलीच नाही. नकाशे इंग्लंडहून आले. मनोरा २८० फूट उंच आहे. त्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या समाजांच्या लोकांचे पुतळे आहेत. मला मनोऱ्यापेक्षा वाचनकक्ष अधिक आवडतो. तो वरच्या मजल्यावर आहे. त्याला उंच लाकडी छत आहे. त्या काळी मुंबईत विजेचे दिवे नव्हते, म्हणून मोठमोठ्या खिडक्या ठेवल्या. मग काचा रंगीत कशाला, असे तुम्ही विचाराल. त्यांनी शोभा येते, हे खरेच. पण कडक ऊनही त्या काचांतून मवाळ होऊन पुस्तकावर पडते.

पुढे विद्यार्थी वाढले, पुस्तके वाढली. जुनी इमारत काही ताणता येत नाही! सांताक्रूझजवळ कालिना येथे विद्यापीठाचा नवा परिसर झाला. तेथे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. अनेक विभाग तिकडे गेल्यामुळे आता बहुतेक विद्यार्थ्यांना तेच जवळचे वाटते. जुन्या इमारतीची २०१५ मध्ये नीट डागडुजी झाली.

कधी मुंबईला गेलात, तर ओव्हल मैदानात उभे राहून हा मनोरा पाहा. मान बरीच वर करावी लागेल.