जुनी गोष्ट आजच्या काळात

मुलाने ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी म्हणून दाखविली, म्हणजे ती त्याला समजली, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. परंतु पाठ होणे निराळे आणि समजणे निराळे. तीच गोष्ट आजच्या काळात घडली असती तर कशी घडली असती, असे विचारून पाहावे. मग किती समजले ते तेव्हाच कळते.

लाल टोपीवाल्या मुलीची युरोपीय परीकथा घेऊ. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने ती १६९७ साली छापली. तीत लांडगा आजीला खातो, नातीलाही खातो आणि कथा तेथेच संपते. गोड बोलणारे लांडगेच सर्वांत घातक, असे पेरोने शेवटी बजावले आहे. १८१२ साली जर्मनीत ग्रिम बंधूंनी प्रसिद्ध केलेल्या कथेत मात्र शिकारी येतो आणि दोघी लांडग्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात. तात्पर्य, ही कथा पूर्वीपासूनच बदलत आली आहे.

मुलांकडून असा बदल करवून घेण्याची एक युक्ती इटलीतील बालसाहित्यकार जान्नी रोदारी यांनी १९७३ सालच्या ‘कल्पनाशक्तीचे व्याकरण’ या ग्रंथात दिली आहे. मुलगी, रान, फुले, लांडगा, आजी हे ओळखीचे शब्द द्यावयाचे आणि त्यांत ‘हेलिकॉप्टर’ हा परका शब्द मिसळावयाचा. ओळखीच्या शब्दांनी कथा जुन्या वाटेने चालू लागते; परका शब्द ती वाट अडवितो आणि मुलाला विचार करणे भाग पडते.

घरी हाच प्रयोग टेलिफोन घेऊन करता येईल. प्रथम कथेचा सांगाडा मुलाकडूनच काढून घ्यावा : मुलगी कोठे निघाली? लांडग्याला काय हवे होते? त्याने तिला कशाने फसविले? मग आजीच्या घरी टेलिफोन ठेवावा. आता मुलगी निघण्यापूर्वीच आजीशी बोलेल. लांडग्याचा डाव फसेल. येथे मूल अडखळते. त्याला अडखळू द्यावे, उत्तर सुचवू नये. थोड्या वेळाने एखादे मूल म्हणेल, ‘‘मग लांडगाच आजीच्या आवाजात फोन करील!’’ लांडग्याचे खरे शस्त्र दात नसून विश्वास संपादन करणारी वाणी आहे, हे त्याला त्या क्षणी उमगलेले असते.

मात्र रानाच्या जागी शहर आणि टोपलीच्या जागी पिशवी एवढ्यानेच कथा नवी होत नाही. एक गोष्ट बदलली की तिच्यामुळे आणखी काय बदलेल, हे विचारीत जावे. भीतीचा भागही गाळू नये. सावधपणाचा धडा त्यातच आहे. आज यंत्राच्या साहाय्याने दुसऱ्याचा आवाज हुबेहूब काढता येतो. अशा काळात ‘आजी, तुझा आवाज असा का?’ हा प्रश्न विचारण्याची सवय मुलाला गोष्टीतूनच लागली, तर ती त्याच्या पुढे फार कामी येईल.