थकलेल्या आईला दोष कशाला?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलूप लागले. राज्याच्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते थेट १ डिसेंबर २०२१ ला. एवढे दिवस जुन्नर-आंबेगावच्या कष्टकरी घरांत आईलाच मास्तरीण व्हावे लागले. टोमॅटोच्या तोडणीवरून आलेल्या बाईने चूल पेटवायची, की घरातल्या एकुलत्या मोबाईलवर पोरांचा अभ्यास घ्यायचा? भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात कित्येक वाड्यांना तर रेंजच मिळत नव्हती. मग चिडचिड झाली, कधी पोरांवर हातही उठला. आम्ही त्या मातांना दोष देत नाही. शाळा म्हणजे अक्षरे, दुपारची खिचडी आणि आईला थोडी उसंत. तीच गेली. साथ ओसरली, पण ओझे आजही एकाच खांद्यावर आहे. बांधवांनो, आज संध्याकाळी पोरांची वही तुम्ही उघडा.