घाटात कळणारं टायमिंग

पोलादपूरहून एक रस्ता तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीच्या उमरठला जातो आणि दुसरा आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला. हा दुसरा रस्ता सावित्रीच्या खोऱ्यातून चाळीसेक किलोमीटरांत गाडीला 1,300 मीटरांच्या वर नेतो. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाडीचं इग्निशन टायमिंग पारखायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत जे दोष दडून राहतात, ते इथे उघडे पडतात.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही गाडी कुर्ल्यात बनवली. 1964 पासून ती फियाट 1100 म्हणून निघत होती, सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. इंजिन 1,089 सीसीचं, चार सिलिंडरचं, फायरिंगचा क्रम 1-3-4-2. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस गेली. हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी मात्र अजून घाट चढतात, आणि त्यांच्या मालकांची निम्मी तक्रार ‘ओढत नाही’ किंवा ‘तापते’ हीच असते.

ठिणगी पडली की सगळं मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत पसरायला काही मिलिसेकंद लागतात. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या थोडं आधीच ठिणगी पडावी लागते. 800 आरपीएमला क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात पाच अंशांहून कमी फिरतो, 3,000 ला तो 18 अंश फिरतो. म्हणजे वेग वाढला की ठिणगीही लवकर पडायला हवी. हे काम डिस्ट्रीब्यूटरमधली दोन छोटी वजनं करतात. शाफ्टच्या वेगाने ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात. दुसरी मदत व्हॅक्यूमच्या पडद्याची. हलक्या पायाने गाडी चालवताना इंजिनच्या ओढीने तो ताणला जातो आणि ठिणगी आणखी आधी आणतो.

घाटाचं महत्त्व इथे आहे. चढणीवर ॲक्सिलरेटर खोल दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि पडद्याची मदत संपते. उरतात ती फक्त वजनं. म्हणून गाडी महाडपर्यंत सपाटीवर छान पळाली आणि आंबेनळीत मेली, तापमानाचा काटाही वर सरकला, तर वजनं सुकलेल्या ग्रीसमध्ये अडकली असण्याचा संशय आधी घ्यावा. ठिणगी उशिरा पडते, मिश्रण जळत राहतं ते पिस्टन खाली निघाल्यावर, आणि उष्णता कामी न येता एक्झॉस्टमध्ये आणि पाण्यात जाते. उलट सपाटीवर सुस्त, पेट्रोल जास्त पिणारी गाडी घाटात नेहमीसारखीच ओढत असेल, तर पडदा फाटला आहे का ते बघावं. चढणीवर धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज येत असेल तर वजनांच्या स्प्रिंगा सैल झालेल्या असतात, किंवा कुणीतरी टायमिंग जास्तच ॲडव्हान्स करून ठेवलेलं असतं. हा नॉकिंगचा आवाज दुर्लक्ष करण्यासारखा नाही, त्यात पिस्टन जातो.

उंचीचाही हिशेब धरायला हवा. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे वर गाडी थोडी कमी ओढणारच. तो टायमिंगचा दोष नव्हे. नॉकिंगही वर कमी होतं, म्हणून वरच्या गावात टायमिंग पुढे घेतलेली गाडी खाली पोलादपूरला उतरली की खडखडू लागते. शिवाय वर पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेलेलं असेल तर टायमिंग अचूक असूनही गाडी उकळेल.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की तक्रार ऐकताच पाना घेऊन डिस्ट्रीब्यूटर फिरवला जातो. ते शेवटचं काम आहे. आधी डिस्ट्रीब्यूटरमधले, उघडताना ठिणगी पाडणारे पॉइंट बघावेत. त्यांचा गॅप साधारण 0.4 मिलिमीटर असतो. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे जातं. पॉइंट जळून काळे पडत असतील तर कंडेन्सर बदलावा. मग शाफ्ट हाताने हलवून पाहावा. बुश झिजलेलं असेल तर प्रत्येक ठिणगी वेगळ्या क्षणी पडते आणि कितीही फिरवून उपयोग नसतो. हे सगळं ठीक असेल तरच पुढे जावं: पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खूण जुळवायची, पॉइंटची वायर आणि बॉडी यांच्यामध्ये 12 व्होल्टचा बल्ब लावायचा, स्विच ऑन करायचा. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो. स्ट्रोब लाइट असेल तर उत्तमच. वेग वाढवल्यावर खूण सरकते की नाही, म्हणजे वजनं हलतात की नाही, हे त्यातच दिसतं. डिस्ट्रीब्यूटर एक अंश फिरला की क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो, तेव्हा हात हलका हवा.

टॅक्सीतून निवृत्त झालेल्या, सीएनजीवर चाललेल्या गाड्यांची एक वेगळी गोष्ट. सीएनजी सावकाश जळतो आणि नॉकिंगला दाद देत नाही, म्हणून त्यावर टायमिंग पुढे ठेवलेलं असतं. गॅसचं किट काढून तीच गाडी पेट्रोलवर घाटात आणली की ती नॉक करते. किट काढताना टायमिंग मागे आणायलाच हवं.

आता त्यात 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडली आहे. इथेनॉलने ऑक्टेन वाढतं, त्यामुळे नॉकिंग वाढत नाही. पण त्याला जळायला हवा कमी लागते, आणि जुन्या कार्बोरेटरचे जेट ठरलेल्या मापाचे असतात, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. गाडी ओढत नाही, तापते. लक्षणं उशिरा पडणाऱ्या ठिणगीसारखीच. अशा वेळी घाट चढून थांबल्यावर, इंजिन निवलं की प्लग काढून बघावेत. टोकं पांढरी फटक दिसली तर डिस्ट्रीब्यूटरला हात न लावता आधी जेट, फ्लोटची पातळी आणि पेट्रोल पंपाचा रबरी पडदा तपासावा.